बादलचं ताट



चातुर्मासात काहीच लिहिलं नाही, म्हणून काहींचे फोन आले. तब्येत छान आहे. एका कुत्र्याने हिशेबाला बसवलं होतं, एवढंच.

वेल्ह्याला तोरण्याच्या पायथ्याशी आमची थोडी भातशेती आहे. राखणीला दांडगं कुत्रं हवं म्हणून अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मुलाने जर्मन शेफर्डचं दोन महिन्यांचं पिल्लू विकत आणलं. जरा मोठं होईपर्यंत ते भोरला आमच्याकडे राहणार होतं. लस, पट्टा, पावसाळ्यात ते झोपणार कुठे, सगळ्याची चर्चा झाली. ते खाणार काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही. आपल्या घरी आलेला जीव आपलंच खाणार, हे गृहीतच होतं. नातवाने नाव ठेवलं बादल.

सकाळी दुधात कुस्करलेली नाचणीची भाकरी, दुपारी वरणभात, सूर्यास्ताआधी पुन्हा भाकरी-दूध आणि वर चमचाभर तूप. सणावाराला शिऱ्यातले बेदाणेसुद्धा मी त्याला वेचून दिले. स्थानकात बायका कौतुकाने म्हणायच्या, "तुमच्या घरी कुत्रंही चौविहार करतं!" खोटं कशाला बोलू, ऐकून मला बरं वाटायचं.

पावसाळ्याच्या तोंडाला बादल लंगडायला लागला. पुढचे पंजे बोटं फाकून पसरट झाले, जिना चढताना तो मध्येच बसायला लागला. कुणीतरी सांगितलं, कॅल्शियम कमी पडलंय. मी बाटली आणून रोज दोन चमचे सुरू केले. दहा दिवस गेले तरी फरक नाही, तेव्हा त्याला पुण्याला नेलं.

डॉक्टर तरुण होत्या. एक्स-रे उजेडासमोर धरून त्यांनी मला हाडं दाखवली, असायला हवीत त्यापेक्षा फिकी. रोजचं खाणं त्यांनी विचारून लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "काकू, भाकरी वाईट नाही, दूधही वाईट नाही. पण हे पिल्लू वर्ष-दीड वर्षात पस्तीस किलोंचं होणार आहे. त्याला लागणारा माल या ताटात नाही. आणि ती बाटली आजपासून बंद."

बाटली बंद का, हे मला कळेना. कमी पडलंय तर घालायचं नाही? त्यांनी सांगितलं ते मला जमाखर्चासारखं समजलं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम नाकारू शकत नाही, घातलं तेवढं घेत राहतं. लहान जातीत ते खपून जातं. मोठ्या जातीत हाडं वाकडी होतात, सांधे बिघडतात. शिवाय कॅल्शियम एकटं कामाचं नाही. फॉस्फरसशी त्याचं प्रमाण साधारण एकास एक ते दोनास एक यांच्या मध्ये राहावं लागतं, आणि ते शरीरात जिरवायला ड जीवनसत्त्व लागतं. आपल्याला ते उन्हातून मिळतं. कुत्र्याच्या कातडीत पुरेसं बनत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं.

बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, पण वही अजून सुटलेली नाही. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणारी 'आफको' नावाची संघटना आहे. त्यांच्या निकषात पिल्लाच्या खाण्यात, पाणी वजा करून, किमान १.२ टक्के कॅल्शियम लागतं. कमाल मर्यादा एरवी २.५ टक्के. पण मोठेपणी ७० पौंड, म्हणजे सुमारे ३२ किलो किंवा त्याहून जास्त भरणाऱ्या कुत्र्यांच्या पिल्लांसाठी ती १.८ टक्केच. म्हणजे किलोभर कोरड्या खाण्यात किमान १२ ग्रॅम. आपण नाचणीला कॅल्शियमची खाण समजतो. १०० ग्रॅम नाचणीत असतं सुमारे ३५० मिलिग्रॅम. किलोला साडेतीन ग्रॅम. पाणी वजा केलं तरी जेमतेम तिसरा हिस्सा! भातात तर नावापुरतंच. वर बाटलीतले दोन चमचे, ज्यांचा ताळा मी कशाशीच जुळवला नव्हता.

शेतावर राहणाऱ्या आमच्या राखणदाराच्या बायकोला हे काही पटलं नाही. "आवो काकी, आमच्या धनगरवाड्यावरची कुत्री भाकर-ताकावरच वाढत्यात की." तिचं खरं आहे, माझ्याही मनात तेच होतं. पण ती कुत्री हलक्या अंगाची, सावकाश वाढणारी. आणि ती दिवसभर रानात हिंडतात. उंदीर, घुशी, मेलेलं जनावर, काय काय त्यांच्या पोटात जातं! त्यांचं अर्धं ताट आपल्याला दिसतच नाही. बादल आमच्या अंगणात बांधलेला. मी घालीन तेवढंच त्याचं जग.

या 'बांधलेला' शब्दापाशी मी अडकले. आपण प्रतिक्रमणात पहिल्या व्रताचे पाच अतिचार म्हणतो: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भत्तपाणविच्छेद. शेवटच्याचा अर्थ मी इतकी वर्षं 'नोकराला, गुराला उपाशी ठेवणं' एवढाच धरला होता. रोज तीन वेळा पोट भरून घालूनही एखाद्याचं अन्न तोडता येतं, हे त्या एक्स-रेसमोर कळलं.

डॉक्टरांनी सांगितलेलं मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं मी दुकानात हातात घेतलं आणि चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. कोंबडीचं पीठ, माशाचं तेल. दुसऱ्या पाकिटावर दुधाच्या वाटीचं चित्र, आत पुन्हा कोंबडी. मला मिळालेल्या शाकाहारी पाकिटांवर 'अ‍ॅडल्ट' लिहिलेलं, म्हणजे पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांसाठी. डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, मोठं झाल्यावर नीट बनवलेल्या शाकाहारी खाण्यावर, तपासण्या करत, त्याला ठेवता येईल. कुत्र्याला पिष्टमय अन्न लांडग्यापेक्षा चांगलं पचतं. पण वाढीच्या वयात, आधीच हाडं फिकी असताना, घरच्या डाळ-पनीरवर प्रयोग करायला त्या तयार नव्हत्या.

राखणदाराच्या बायकोने तोडगा काढला. "काकी, मी न्हेते त्याला, मीच घालते. तुमी बघू नका." मला क्षणभर किती हलकं वाटलं म्हणून सांगू! पण पैसे आमचेच जाणार होते. केलेलं, करवलेलं आणि अनुमोदलेलं, तिन्ही आपल्याच खाती पडतात. खर्च दुसऱ्याच्या वहीत लिहिला म्हणून आपला होत नाही का? आमचे हे म्हणाले, कुणालातरी देऊन टाकू. तोही विचार केला. लंगडं पिल्लू कोण घेणार, आणि घेतलं तरी ते त्याला काय घालणार?

आषाढात महासतीजींचा चातुर्मास सुरू झाला तेव्हा त्यांच्यापुढे सगळं मांडलं. त्यांनी 'घाला' म्हटलं नाही, 'घालू नका'ही म्हटलं नाही. त्या हो म्हणणं शक्यच नव्हतं, तरी मी आशेने गेले होते हे कबूल करते. त्यांनी एवढंच विचारलं, "आणलं कुणी?"

तिथेच माझं उत्तर होतं. पंधरा कर्मादानांत असतीपोषण येतं, हिंसक प्राणी पाळून त्यांच्यावर धंदा करणं. आम्ही धंदा केला नाही, पण पैसे मोजून अशा जातीचं पिल्लू आणलं. चूक खाणं निवडताना झाली नाही. पिल्लू दारात आलं तेव्हाच ती होऊन गेली होती. यापुढे आयुष्यात कुठलाही प्राणी विकत आणायचा नाही, हे पच्चक्खाण मी त्या दिवशी घेतलं. आणि बादलला डॉक्टरांनी सांगितलेलं खाणं सुरू केलं. हा दोष आहे. त्याची आलोयणा मी करते, त्याला पुण्याचं नाव देत नाही.

तुमच्यातल्या काहींना हे पटणार नाही. एका मैत्रिणीने आमच्याकडचं पाणीही घेतलं नाही. मी तिला चुकीचं म्हणत नाही.

ते पोतं स्वयंपाकघरात येत नाही. मागच्या पडवीत झाकणाच्या डब्यात असतं, भांडं वेगळं, ते मुलगा धुतो. जुन्या खाण्यात नवं थोडं थोडं मिसळत आठ दिवसांत बदललं. अंदाजाने नाही, दुकानातल्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजून. दर रविवारी बादललाही काट्यावर चढवतो, गिऱ्हाइकं हसतात. डॉक्टरांनी हाताची परीक्षा शिकवलीय: बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत. मोठ्या जातीचं पिल्लू गुबगुबीत दिसलं तर आनंद मानायचा नाही, ते वजन कोवळ्या सांध्यांवर पडतं. तूप बंद. बेदाणे तर कायमचे बंद, द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, हे ऐकून माझे हात गार पडले. कांदा-लसूणही कुत्र्याला विषारी. त्या परीक्षेत मात्र आपलं स्वयंपाकघर न शिकताच पास!

पुण्याहून भाचीचा फोन होता, मुलांना लॅब्रेडॉरचं पिल्लू हवंय. तिला म्हटलं, आधी त्याच्या खाण्याच्या पोत्याची मागची बाजू वाच, मग पिल्लाचा फोटो बघ. आणि जीव सांभाळायचाच असेल तर रस्त्यावरचं मोठं झालेलं गावठी कुत्रं घरी ने, डॉक्टरांना विचारून त्याला शाकाहारी खाण्यावर ठेवता येतं का पाहा. तिचा अजून उलट फोन नाही.

बादल आता आठ महिन्यांचा आहे. लंगडणं गेलंय, पुढचा डावा पंजा अजून जरा पसरट आहे. गेल्या रविवारी २६ किलो ४०० ग्रॅम भरला. वाढ थांबली की शाकाहारी खाण्यावर आणायचं, तोवर दर महिन्याला पोत्याची रक्कम माझ्या वहीत वेगळ्या रकान्यात लिहिते. सव्वापाच झाले. दिवस मावळायच्या आत त्याचं दुसरं जेवण व्हायचंय, आणि तो पडवीच्या दाराशी येऊन बसलासुद्धा.