डेल्को

कोणी कुत्रा पाळतो, कोणी मांजर पाळतो. मी १९७१ सालची फोक्सवॅगन बीटल पाळली आहे. कॅलिफोर्नियात येऊन आम्हाला पंचवीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत इथे काय मिळवलेत, असे कोणी विचारले की आमची ही गॅरेजकडे बोट दाखवते आणि सुस्कारा सोडते. या गाडीला रेडिएटर नाही. इंजिन पाठीमागे, आणि ते पंख्याच्या वाऱ्याने थंड होते. इंजिन वाऱ्याने, मालक घामाने.

या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर नावाची एक वस्तू असते. वाचकहो, घाबरू नका. लग्नाच्या पंगतीतला वाढपी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झाले. जेवणारे चार सिलिंडर, आणि वाढायची ती ठिणगी. तीही ओळीने नाही. आधी पहिला, मग चौथा, मग तिसरा आणि शेवटी दुसरा. आमच्याकडे अशी पंगत वाढली असती, तर दुसरा पाटावरून उठून गेला असता! शिवाय जेवणाऱ्यांचा वेग वाढला की ठिणगी जरा आधी वाढावी लागते. याला ॲडव्हान्स म्हणतात.

आता वाढप्यांतही प्रकार असतात. एकाच्या पोटात दोन वजने असतात. फिरण्याचा वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आधी पडते. दुसऱ्याकडे ही वजने असतातच, पण शिवाय अंगाला पत्र्याची एक डबी असते आणि तिच्यातला पडदा रबरी नळीने कार्बोरेटरला जोडलेला असतो. ॲक्सिलरेटरवर पाय टेकला की कार्बोरेटर नळीतून हवा ओढतो, पडदा हलतो आणि वाढपी ताटाशी हजर. थोडक्यात, पहिला नुसती पळापळ बघतो. दुसरा पानही बघतो.

माझा मूळचा डिस्ट्रिब्यूटर दुसऱ्या प्रकारचा. पण गाडी मंद झाली, आणि तो म्हातारा झाला असे निदान मीच करून टाकले. बीटलवाल्यांत ००९ नावाचा, पहिल्या प्रकारचा डिस्ट्रिब्यूटर फार प्रसिद्ध आहे. नाव ऐकून तो जेम्स बाँडचा धाकटा भाऊ वाटतो. डबी नाही, नळी नाही, एकदम सुटसुटीत. त्याच्या नकलाही पुष्कळ निघाल्या. त्यातलीच एक चकचकीत नक्कल मी आणली. एक नट सोडून जुना काढला, नवा घातला. खालच्या दांड्याची खाच मुद्दाम एका बाजूला केलेली असते, त्यामुळे तो उलटा बसतच नाही. तो सुलटा बसला एवढ्यावर मला आपण मेकॅनिक झाल्यासारखे वाटले. मोकळ्या रस्त्यावर गाडी झकास पळे. मात्र उभ्या गाडीला निघायला सांगितले, की ती क्षणभर विचारात पडे.

"तुमच्यावरच गेलीय," ही म्हणाली.

त्याच सुमारास माझे सासरे साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले. मी त्यांना मामा म्हणतो. उभा जन्म एस.टी.च्या वर्कशॉपात गेलेला. सासूबाईंना जाऊन पाच महिने झाले होते. मामा आले, बॅग ठेवली आणि खिडकीपाशी जे बसले ते बसलेच. चहा दिला की घेत, टी.व्ही. लावला की बघत, बंद केला तरी बघत. ही स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून येई. आम्ही त्यांना समुद्र दाखवला, देऊळ दाखवले. मामा "छान आहे" म्हणत. ते ऐकून आणखी वाईट वाटे.

एका रविवारी त्यांना बीटलमधून भाजी आणायला नेले. इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावीकडे वळताना समोरून येणारी रांग ओलांडावी लागते. फट दिसली, मी पाय दाबला, आणि आमची गाडी भर चौकात विचार करू लागली. समोरून ट्रक! त्याचा भोंगा अजून माझ्या कानात आहे. शेवटी एक आचका देऊन आम्ही पलीकडे पोचलो. माझे हात थरथरत होते. मामांनी टोपी सारखी केली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा प्रश्न विचारला.

"जावईबापू, डेल्को कुठला घातलाय?"

आपल्याकडचे मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला डेल्को म्हणतात. एस.टी.च्या डिझेल इंजिनाला ही भानगडच नसते. पण त्याआधी मामांनी पेट्रोलच्या जीपगाड्या केल्या होत्या. घरी येऊन मी सगळे सांगितले.

"जुना कुठंय?"

"फेकायचा राहिलाय."

"बरं झालं. आळशी माणसाचा असा उपयोग होतो कधीकधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मामा गॅरेजात. शेजारचे मेक्सिकन आजोबाही कुंपणाशी आले. ते पुएब्लाचे, म्हणजे २००३ साली जगातली शेवटची जुनी बीटल जिथल्या कारखान्यातून निघाली त्या गावचे. त्यांच्याकडे बीटलला 'वोचो' म्हणतात. त्यांना मराठी येत नाही, मामांना स्पॅनिश येत नाही आणि दोघांनाही माझे इंग्रजी कळत नाही. पण ००९ बघून दोघांनी एकाच वेळी मान हलवली.

मामांनी जुना डेल्को हातात घेतला, त्याची नळी तोंडात धरली आणि गुडगुडी ओढावी तशी ओढली. "अण्णा, काय तोंडात घालताय!" ही आतून ओरडली. आतली प्लेट ढिम्म. मी म्हणालो, "बघा, डबी गेलीय." मामांनी नळीच काढून माझ्यासमोर वाकवली. वरून कापडी वेष्टण शाबूत, आत रबराला भेगा. आजोबांनी घरून वीतभर नवी नळी आणली. मामांनी पुन्हा ओढले, जीभ लावून धरले. प्लेट टक्कन सरकली आणि तिथेच थांबली. डबी ठणठणीत होती!

"डेल्को एकटा निवडायचा नसतो," मामा म्हणाले. "कार्बोरेटरशी जमतो का बघायचं. हा कार्बोरेटर नळीवाल्याशी संसार करणारा. तुम्ही त्याच्या गळ्यात भलताच बांधलात. नवा वाईट नाही; इथला नाही."

मग पॉइंट घासले, ०.४ मिलिमीटरची गॅप लावली. पुलीची खूण जुळवून, बारा व्होल्टचा दिवा पेटेल तिथे डेल्को फिरवून टायमिंग धरले. हे बोलणारे मामा मला नवीनच होते. ही दारात चहाचे कप घेऊन उभी होती. चहा गार होईपर्यंत तशीच. गाडी सुरू केली, पाय दाबला. विचारबिचार काही नाही, सरळ निघाली.

उरलेले दोन महिने मामा आणि आजोबा रोज गाडीपाशी असत. बिघाड नसला तर ते शोधत. जाताना विमानतळावर मामा म्हणाले, "हिला असती तर आवडली असती गाडी." सासूबाईंबद्दल ते तेवढेच बोलले.

पुढच्या उन्हाळ्यात मामा परत यायचे आहेत. दर रविवारी फोनवर विचारतात, "डेल्को ठीक?" मी म्हणतो, "आवाज जरा वेगळा येतोय." गाडी उत्तम आहे. ती भेगाळलेली नळी मात्र मी फेकलेली नाही. आदल्या रात्री बसवायला पाच मिनिटे पुरतात.