मगरीचे स्थान

पंचतंत्रात मगरीविषयी एक श्लोक आहे. ज्यांनी शाळेत संस्कृताचे थोडेबहुत अध्ययन केले असेल, त्यांच्या कानावरून तो गेलाच असेल. त्याचा आशय असा की, आपल्या पाण्यात असलेली मगर प्रत्यक्ष गजराजालाही ओढून नेते. परंतु तीच पाण्याबाहेर सापडली, तर साधे कुत्रेही तिची विटंबना करते. मी 30 वर्षे हा श्लोक मुलांना शिकविला. त्यावरील माझे विवेचनही ठरलेले असे : बळ प्राण्यात नसते, स्थानात असते, म्हणून शहाण्याने आपले स्थान सोडू नये. या विवेचनाविषयी मला कधी शंका आली नव्हती. ती गेल्या दिवाळीत आली.

आमच्या थोरल्या बंधूंची नात मुक्ता प्राणिशास्त्राची पदवी घेत आहे. पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत जाऊन रानावनांत काम करावयाचे, असा तिचा निश्चय आहे. घरात हे कोणासच रुचले नव्हते. ‘तुझ्या शब्दाला ती मान देते, तूच तिला दोन गोष्टी सांग,’ असे बंधूंनी मला बजावले होते. मी योग्य वेळेची वाट पाहत होतो. आणि ती वेळ तिनेच आणली. एके दुपारी तिने आम्हां सर्वांना माजघरात बसवून रणथंभोरच्या एका वाघिणीचे चित्रण दाखविले. माझी कन्या सुधा माहेरपणाला आली होती. तीही भाजी निवडीत जवळच बसली होती.

या वाघिणीचे नाव ‘मछली’. तिच्या मुखावर माशाच्या आकाराची खूण होती, म्हणून हे नाव. रणथंभोरच्या किल्ल्याखाली पद्म तलाव, राजबाग आणि मलिक तलाव अशी तळी आहेत. त्यांच्या काठी सांबरे चरावयास उतरतात आणि पाण्यात मगरी टपून असतात. या तळ्यांच्या प्रदेशावर मछलीची अनेक वर्षे सत्ता होती. 2003 साली तिची सुमारे 14 फूट लांबीच्या एका मगरीशी गाठ पडली, आणि तिने त्या मगरीस ठार केले.

हे घडले कसे, ते मुक्ताने समजावून सांगितले. मगरीच्या जबड्याची मिटण्याची शक्ती विलक्षण असते. परंतु तोच जबडा उघडणारे स्नायू इतके दुबळे असतात, की मिटलेले तोंड साध्या दोरीने बांधून ठेवता येते. शिवाय मगर शीतरक्ताची. तिचा जोर क्षणाचा. झटापट लांबली की तिचे स्नायू थकतात आणि पुन्हा ताजे होण्यास फार वेळ लागतो. पाण्यात हा दोष झाकला जातो, कारण तेथे एकदा पकडून खाली ओढले की बाकीचे काम पाणीच करते. जमिनीवर मात्र वाघाला तिच्या तोंडासमोरून बाजूला होता येते, तिला दमविता येते आणि मागून मानेचा वेध घेता येतो.

मी मनातून हर्षित झालो. ‘पाहिलेस ना?’ मी म्हटले, ‘काठावर आली आणि संपली. श्लोक अक्षरशः खरा ठरला. ज्याने त्याने आपल्या स्थानी असावे, हेच खरे.’

मुक्ता हसली. ‘आबा, आता हे दुसरे पाहा.’

हे चित्रण ब्राझीलमधील पांतानाल नावाच्या अफाट दलदलीच्या प्रदेशातले, 2013 सालचे होते. तेथे जॅग्वार नावाचा, बिबळ्यासारखा परंतु अधिक भरदार असा मार्जारकुळातील प्राणी आहे. मगरीच्याच गोत्रातील केमन हे तेथे त्याचे नेहमीचे भक्ष्य. तो जॅग्वार नदी पोहून आला, वाळूच्या दांड्यावर पहुडलेल्या केमनवर मागून झडप घातली, मानेत दात रोवले आणि ते धूड घेऊन पुन्हा पाण्यात शिरला. हे प्राणी काठावरून सरळ नदीत उडी टाकूनही केमनला धरतात, असे मुक्ता म्हणाली.

‘आता सांगा आबा, पाणी कोणाचे स्थान? ज्याला तेथे वावरता येते त्याचेच ना? आणि आपल्या रणथंभोरातच, 1980 नंतरच्या दशकात, चंगेज नावाचा वाघ धावत तळ्यात शिरून सांबरे मारू लागला. फतेहसिंह राठोड आणि वाल्मीक थापर यांनी ते डोळ्यांनी पाहिले आहे. त्याच्यानंतर नून नावाची वाघीणही तसेच करू लागली.’

मी हार मानणारा नव्हतो. ‘आणि पाण्यात मोठी मगर भेटली म्हणजे?’

‘तर वाघही मरेल,’ ती शांतपणे म्हणाली. ‘आफ्रिकेत नदी ओलांडताना सिंहांना मगरी धरतात. केमनही आपल्या मगरीहून लहानच. धोका नाही असे मी म्हणत नाही. समोर कोण आहे हे पारखून उतरावे लागते, एवढेच.’

मी पुन्हा श्लोकाकडे वळणार, तोच सुधाने मान वर केली.

‘अण्णा, तो श्लोक मलाही पाठ आहे,’ ती म्हणाली, आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

तिच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर बरे वाटले असते. 2000 साली सुधाला विज्ञान शिकावयास पुण्यास जावयाचे होते. गुण उत्तम होते, वसतिगृहात जागाही मिळत होती. त्या वेळी मी तिला समोर बसवून हाच श्लोक अर्थासह सांगितला होता. ती गावच्या महाविद्यालयात शिकली, संसारात रमली, आणि त्याविषयी आजवर अवाक्षर बोलली नव्हती.

रात्री मला झोप लागली नाही. श्लोकात दोष नाही. मगरीच्या स्वभावाचे त्यातले निरीक्षण आजचे शास्त्रही मान्य करील. दोष माझ्या विवेचनात होता. स्थानात बळ असते, एवढेच कवी सांगतो. स्थान जन्मासच चिकटलेले असते आणि ते नव्याने मिळविता येत नाही, ही पुस्ती माझी होती, आणि ती मी भीतीपोटी जोडली होती.

मछलीची पुढची हकीकत मुक्ताने दुसऱ्या दिवशी सांगितली. ती तळी तिच्या हातून अखेर गेली, आणि ती घेतली तिच्याच एका लेकीने. मछली रानाच्या दुसऱ्या भागात गेली. तेथे सुळे पडलेल्या स्थितीतही ती वर्षानुवर्षे जगली. वनखात्याचे लोक तिच्या भक्ष्याची सोय पाहत. 18 ऑगस्ट 2016 रोजी, वयाच्या विशीच्या सुमारास ती वारली. रानातला वाघ सहसा इतका जगत नाही. म्हणजे जिने स्थानाच्या जोरावर मगर मारली, तिलाही स्थान सोडावे लागले, आणि ते सोडल्यावरही तिचे आयुष्य उरले होते.

त्याच दिवशी मी बंधूंना सांगितले, की मुक्ताला डेहराडूनला जाऊ द्यावे, आणि पहिल्या वर्षाचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनातून व्हावा. ते काही वेळ गप्प राहिले, मग ‘बरे,’ म्हणाले.

सुधाला काय सांगावे, हे मात्र मला सुचेना. ती सासरी निघाली तेव्हा मी तिला स्थानकावर पोहोचवावयास गेलो. गाडी सुटता सुटता एवढेच म्हटले, ‘सुधा, त्या श्लोकाचा अर्थ मी तुला चुकीचा सांगितला होता.’ ती खिडकीतून काही बोलली. परंतु गाडीच्या आवाजात मला ते ऐकू आले नाही.