खेळांतील सूत्रधार

मेजाभोंवतीं चार-पांच मंडळी बसतात. एकजण प्रसंग वर्णितो, बाकीचे आपापलें पात्र काय करील तें सांगतात, आणि निष्पत्ति अनिश्चित असेल तेथें फांसे टाकितात. अशी कथा महिनोन्‌महिने चालते. चालकास 'गेम मास्टर' म्हणतात. त्याला सूत्रधार म्हणण्याचा मोह होतो. पण नाटकाच्या सूत्रधारास शेवट ठाऊक असतो, याला तो ठाऊक असतां कामा नये.

इ. स. १९६९ मध्यें अमेरिकेंतील मिनेसोटा येथें डेव्हिड वेस्ली यांनीं ब्राउनस्टाइन नांवाचें काल्पनिक जर्मन गांव मांडून प्रत्येक खेळाडूस निराळा हेतु दिला. खेळाडू आपसांतच कारस्थानें करूं लागले. दोघांनीं तर द्वंद्वयुद्ध पुकारलें. वेस्लींस वाटलें, बेत फसला. खेळाडूंनीं मात्र पुन: तसाच खेळ मागितला. त्याच मंडळींतील डेव्ह आर्नसन यांनीं गॅरी गायगॅक्स यांच्यासह १९७४ त 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निर्माण केला.

आम्हां शिक्षकांस हें जड जातें. धड्याचा शेवट आमच्या वहींत आधींच लिहिलेला असतो! येथें कथानक नव्हे, माणसें तयार करावीं. नदीला पूर आला आहे, नावाडी सावकाराचा ऋणको आहे, पाटलानें धान्य दडविलें आहे. एवढें पुरे. मुलें पाटलास पकडतील असें धरून पुढचा अंक लिहूं नये. तीं नावाड्याचें देणें फेडावयास निघतील. तेवढ्यांत पाटील काय करितो, हें मात्र सूत्रधारानें ठरवावें.

एखाद्या मुलाचें आवडतें पात्र फांशानें मरूं लागलें, तर पडद्याआड आंकडा बदलावा काय? जाणत्यांत याविषयीं मतभेद आहे. माझ्या मतें बदलूं नये. मुलाच्या डोळ्यांत पाणी येईल, हें खरें. पण एकदां लबाडी कळली, म्हणजे पूर्वीं जिंकलेलें सर्वच त्याला भीक वाटूं लागतें. धोका मोठा असेल तर तो फांसा टाकण्यापूर्वींच स्पष्ट सांगावा.

सर्वांत नाजूक काम अबोल मुलाचें. बडबडे चौघे कथा ओढून नेतात व हा नुसता ऐकत बसतो. त्याला "बोल ना" म्हणूं नये. "नावाडी तुझ्याकडेच पाहतो आहे, तूं काय करतोस?" असें विचारावें आणि थांबावें. शांतता लांबते. शेजारचा उत्तर देऊं पाहतो. त्याला हातानें थोपवावें, आणि आणखी थोडें थांबावें.