दगडावरचे साल, घंटेवरचे साल

वसईच्या किल्ल्यात जाणारा मराठी माणूस चिमाजी आप्पांची आठवण काढीत जातो. तट कोठे फुटला, सुरुंग कोठे उडाले, एवढे विचारतो आणि ताडगोळे खाऊन परत येतो. त्या तटाच्या पोटात दोनशे वर्षे एक सबंध शहर नांदत होते, हे त्याच्या गावीही नसते. १५३४ च्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे १७३९ मध्ये ती मराठ्यांच्या हाती आली. मधल्या काळात इथे वाडे झाले, मठ झाले, आणि एकाला लागून एक चर्चे उभी राहिली. आता उरल्या आहेत त्या बिनछपराच्या भिंती.

यांतले एक चर्च मला फार दिवस खुणावत होते. समुद्राकडच्या दरवाजाजवळचे, उंच मनोऱ्याचे, संत योसेफाचे. हे शहराचे मुख्य चर्च. मनोऱ्याच्या आत गोल फिरत जाणारा अरुंद जिना आहे. खालून मान वर केली की आभाळाचा तुकडा दिसतो आणि कबुतरांची फडफड ऐकू येते. आत जिथे उपासक गुडघे टेकीत तिथे पावसाळ्यात गुडघाभर गवत वाढते.

अशा इमारतीचा इतिहास शोधायचा म्हणजे प्रथम तिच्याच तोंडून ऐकावे. दारावर एक शिलालेख आहे. भाषा पोर्तुगीज, साल १६०१. एवढे पाहून पुष्कळजण वहीत टिपतात, ‘चर्च बांधले १६०१’, आणि पुढे चालू लागतात. पण लेख तसे म्हणत नाही. त्यात आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस आणि इथले मुख्य पाद्री पेद्रु गाल्व्हांव पेरैरा यांची नावे आहेत, आणि त्यांच्या वेळी या चर्चची नव्याने सुधारणा झाली असे म्हटले आहे. सुधारणा झाली याचा अर्थ उघड आहे. सुधारण्याजोगे काहीतरी आधीच उभे होते!

दगडाची साक्ष कागदावर ताडून पाहावी लागते. मेनेझिस हे १५९५ पासून गोव्याचे आर्चबिशप होते. १५९९ मध्ये केरळात उदयंपेरूरला त्यांनी भरवलेली धर्मसभा प्रसिद्धच आहे. तेव्हा १६०१ हे साल जुळते. आणि मूळ चर्च? त्याचा धागा १५४६ पर्यंत मागे जातो. त्या वर्षी पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याने हिंदुस्थानातला आपला गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याला पत्र लिहिले, आणि वसईत संत योसेफाच्या नावाने चर्च बांधावे असे त्यात सांगितले. ही माहिती आपल्यापर्यंत पोहोचवण्याचे श्रेय पुष्कळसे डॉ. जर्सन द कुन्हा यांना जाते. हा मूळचा गोव्याचा गृहस्थ. मुंबईत वैद्यकी करी आणि जुनी नाणी, जुने दगड यांच्यामागे हिंडे. चौल आणि वसई यांवरचा त्याचा ग्रंथ १८७६ सालचा. आजही वसईचा शोध घेणाऱ्याला त्याच्या दारावरूनच पुढे जावे लागते.

कोणी म्हणेल, पन्नास-पंचावन्न वर्षे इकडे की तिकडे, एवढे काय त्यात? तर ऐका. वसईचा गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. हिंदुस्थानात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत, आणि वसईकरांना त्याचा मोठा अभिमान. चर्च १६०१ चे म्हटले की या गावच्या पोराच्या लहानपणी गावाला मुख्य चर्चच नव्हते असे होईल. ‘सुधारणा’ हा एक शब्द नीट वाचला की त्याचे बालपण त्याला परत मिळते.

चर्च आहे, पण त्याची घंटा कोठे? तिच्यासाठी वसई सोडून सह्याद्री चढावा लागतो. विजयाच्या खुणा म्हणून मराठ्यांनी घंटा देशावर नेल्या आणि देवांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा देखणा घाट आहे. तिथे टांगलेल्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि साल १७०७. नाशकात गोदेकाठी नारोशंकराच्या देवळावर दुसरी; तिचे साल १७२१. भीमाशंकरच्या घंटेवर क्रूस आहे आणि १७२९ हा आकडा. मेरीच्या मूर्तीची घंटा वाजवून भाविक शंकराला हात जोडतो, यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. मोठी मौज आहे!

या सालांनीही भुलून जाऊ नये. घंटेवरचे साल घंटा ओतल्याचे; चर्चचे नव्हे. १६०१ साली संत योसेफाच्या मनोऱ्यात जे काही वाजले असेल, ते या तिघींपैकी कोणी नव्हे. शिवाय आपण सरसकट ‘वसईची घंटा’ म्हणतो खरे, पण ती मोहीम एका किल्ल्याची नव्हती. १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी पडली, १७३९ च्या आरंभी माहीम आणि तारापूर, आणि मग वसई. चर्चे या साऱ्या मुलखात होती. तेव्हा एखादी घंटा अमुक मनोऱ्याचीच असे बोट दाखवून सांगायला घंटेवर गावाचे वा चर्चचे नाव पाहिजे, नाहीतर कागदाचा पुरावा पाहिजे. एक गोष्ट मात्र १७२९ चा आकडा सांगून जातो. अवघ्या दहा वर्षांत आपला निकाल लागणार आहे याची या लोकांना चाहूलही नव्हती. ते नव्या घंटा ओतून घेत होते.

कागद अजून आहेत. पणजीच्या दप्तरखान्यात पोर्तुगालशी झालेल्या पत्रव्यवहाराचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. मोसमी वाऱ्यावर निघणाऱ्या गलबतांतून तो जाई-येई म्हणून त्यांना ‘मोसमांची पुस्तके’ म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरातून रियासतकार सरदेसाईंनी निवडलेले वसई मोहिमेचे कागद छापलेले आहेत. पोर्तुगीज आणि मोडी या दोन्ही लिप्यांवर सारखीच नजर बसलेला कोणी तरुण या चर्चला भेटला पाहिजे.

तो येईतो दगड टिकायला हवेत. किल्ल्याच्या भिंतींवर सध्या नव्या शिलालेखांची चढाओढ चालली आहे. बाणाने वेधलेली बदामी हृदये, नावांची आद्याक्षरे, काही ठिकाणी तारखासुद्धा. चारशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने कोरलेली अक्षरे पाऊस आधीच झिजवतो आहे. त्यात आपण खिळ्याने भर घालू नये. या दिवाळीच्या सुटीत वसईला गेलात तर संत योसेफाच्या दारात क्षणभर थांबा, वर पाहा, आणि साल तेवढे वाचून पुढे जाऊ नका. सालाखाली काय लिहिले आहे, तेही कोणाकडून तरी वाचून घ्या.