उतारावरचं गवत

वाचकहो, बोईसरजवळच्या खेड्यातला एक भातशेतकरी स्वित्झर्लंडला जाऊन आला, याचं हसू आलं तर खुशाल हसा. मुलगी-जावई तिकडे नोकरीला. २०२४ च्या जूनमध्ये त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. दिवस पेरणीचे, पण धाकट्याच्या हवाली शेत केलं आणि निघालो.

एका शनिवारी त्यांनी आम्हाला आगगाडीनं लाउटरब्रुनेन या गावी नेलं. उतरलो आणि मान वर गेली ती खाली येईना. दोन्ही अंगांना भिंतीसारखे कडे, मध्ये चिंचोळी सपाट दरी, आणि कड्यांवरून पाणीच पाणी. दरीत ७२ धबधबे आहेत म्हणतात. गावाजवळचा श्टाउबबाख जवळजवळ ३०० मीटरवरून पडतो. खाली येईतो वाऱ्यानं पाण्याचा भुगा होतो, म्हणून नावाचा अर्थच धुळीचा ओढा. आमच्या मंडळी म्हणाल्या, "अहो, आपला जव्हारचा दाभोसा काय वाईट आहे?" वाईट नाही, खरंच. पण तो बघायलाही आम्ही कधी गेलो नव्हतो!

तिथून श्टेखेलबेर्गपर्यंत सहा-सात किलोमीटर पायी चाललो. वाट सपाट, गुडघ्यांनी कुरकुर केली नाही. बरोबर घरच्या पोळ्या आणि लसणीची चटणी होती. ती खायला बसलो तेव्हा समोर गवताची कापणी चालली होती.

पायथ्याला यंत्र होतं. वर, जिथं यंत्र चढत नाही तिथं, माझ्याहून वयानं मोठी बाई लाकडी दाताळ्यानं कापलेलं गवत खाली ओढत होती. ती खाली आल्यावर मुलीकरवी विचारलं, एवढ्याशा गवतासाठी एवढे कष्ट कशाला? ती म्हणाली, हिवाळ्यात गुरं काय खातील? आणि कापलं नाही तर चार-पाच वर्षांत झुडपं येतील, मग रान. जावयांनी सांगितलं, तिथलं सरकार उतारावरची जमीन राखणाऱ्याला पैसे देतं. उतार जितका उभा, तितके जास्त. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

आता माझं सांगतो. आमचं तीन एकर वरकस आहे. वडील भातकापणी उरकली की तिथलं गवत कापून मुंबईच्या तबेल्यांसाठी विकत. राबाचा पालापाचोळाही तिथलाच. आता कापणारे हात कारखान्यांत गेले, मजुरी गवताच्या भावाला परवडेना. दोन वर्षं गवत उभंच वाळलं, आणि एकदा वणव्यानं आंब्याची सहा कलमं नेली. गिऱ्हाईक दारात येऊन बसलेलं. धाकटा म्हणत होता, देऊन टाकू. निघताना मीही मान हलवली होती.

त्या म्हातारीला सरकारचा आधार आहे, मला नाही, हे मला कळतं. तरी परतीच्या गाडीत मंडळींनी विचारलं, "सही केली नाही ना अजून?" मी म्हटलं, "नाही."

घरी आल्यावर गिऱ्हाइकाला दिवाळीनंतर या म्हणून सांगितलं. धाकटा आठ दिवस धड बोलला नाही. त्या कार्तिकात आम्ही तिघांनी आणि पाड्यावरच्या दोघा गड्यांनी मिळून निम्मं गवत कापलं. मजुरी जाऊन हातात फारसं उरलं नाही, पण दोन म्हशींची वैरण घरची झाली. वरचा निम्मा उतार अजून तसाच आहे. गिऱ्हाईक परत येऊन गेलं.