उकिरड्याची पट्टी

आमच्या घरात 'फेकून दे' असं कुणी म्हणत नसे; 'उकिरड्यावर टाक' म्हणत. चुलीतली राख, अंगणातला केर, गव्हाणीत बैलांनी नाक मुरडून ठेवलेलं चगाळ, भुईमुगाची फोलं, कांद्याच्या साली, छप्पर शाकारताना निघालेलं काळं पाचट, बूड गेलेली पाटी, मेलेली कोंबडी, आणि एका वर्षी धाकट्या काकांच्या सगळ्या वह्या (मॅट्रिकला नापास झाले, रागानं स्वतःच नेऊन टाकल्या). जायचं ते उकिरड्यावर. कचऱ्याला घराबाहेर पडायला दुसरी वाटच नव्हती.

तुमच्याकडेही असाच असणार, गोठ्याच्या मागं, शेवग्याच्या नाहीतर एरंडाच्या आडोशाला. सोयरीक जमवायला आलेली शहाणी माणसं पुढच्या दारी चहा प्यायची आणि पाय मोकळे करायच्या निमित्तानं मागच्या दारी जाऊन उकिरडा बघून यायची. ढीग मोठा म्हणजे जनावरं बरी, जनावरं बरी म्हणजे वैरण बरी, वैरण बरी म्हणजे पोरगी उपाशी राहायची नाही. आमच्या थोरल्या आत्याचं लग्न असंच ठरलं, असं घरात सांगत. आत्या म्हणते खोटं आहे, पण म्हणते हसत. आणि आमच्या वाटण्या झाल्या तेव्हा भांडी वाटली, बैल वाटले आणि मधोमध दोरी धरून उकिरडाही वाटला. बैलांवरून भांडण झालं नाही, उकिरड्यावरून झालं.

उन्हाळ्यात तो फोडायचा. गाडीला बांबूच्या तट्ट्या लावायच्या, बाप्यांनी खोऱ्यानं ओढायचं, बायांनी पाट्या भरून द्यायच्या. वरचं खत कोरडं, भुसभुशीत. हातभर खाली गेलं की वाफ यायची आणि त्या वाफेला वास असायचा. घाण नव्हे, ओल्या चहापत्तीसारखा, पहिल्या पावसासारखा. मधूनच करंगळीएवढी, अर्धवट वळलेली, पांढरी हुमणी निघायची की कोंबड्यांची झुंबड. हुमणी दिसली की आप्पा, म्हणजे आजोबा, कपाळाला आठ्या घालायचे : "कच्चं हाय अजून. राहू द्या." कच्चं खत रानात गेलं की हुमणीही रानात जाते आणि उसाची मुळं खाते, हे त्यांना कुणी शिकवलं होतं देव जाणे. आम्हा पोरांचं काम एकच : गाडी गेली की कोळशानं भिंतीवर रेघ ओढायची. त्या रेघा पुढं कितीतरी दिवाळ्या कुणी पुसल्या नाहीत. चुना त्यांच्या भोवतीनं दिला जायचा.

खताच्या हिशेबात चोरही घरातलाच होता. आजीला गोवऱ्या लागत. आप्पांना प्रत्येक गोवरी म्हणजे रानाच्या तोंडचा घास वाटे. "शेण जाळून खाणारी माणसं आपण," ते पुटपुटायचे. "मग भाकरी उन्हात भाजू का?" आजी विचारायची. हा वाद गॅस येईपर्यंत चालला आणि गॅस आला तेव्हा गोठ्यात एकच म्हैस उरली होती.

उकिरडा पुरा पडत नसे, मग धनगर. सुगी झाली की मेंढरं यायची. रात्रीची वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं, आमच्या रानात लागली म्हणजे सकाळपर्यंत त्या तुकड्याला लेंडी आणि मूत दोन्ही मिळायचं, आणि त्याच्या बदल्यात रात्रीमागं ठरलेली पायली-दोन पायली ज्वारी जायची. दुसऱ्या दिवशी वाघर चार पावलं पुढं. मेंढरं आपल्याकडं आधी बसावीत म्हणून गावातली मोठमोठी माणसं त्या धनगराला 'पाहुणं' म्हणत. एरवी म्हणत नसत.

आणि बेवड. हा शब्द आमच्या पोरांना सांगितला तर त्यांना तो दारूड्यासाठीचा वाटतो. हरभऱ्याचा बेवड गव्हाला चांगला, भुईमुगाचा बेवड ज्वारीला चांगला. म्हणजे आधीचं पीक मागं काय ठेवून गेलं, ते. ऊस निघाला की रानाला श्वास म्हणून ताग पेरायचा आणि पिवळ्या फुलावर आला की उभ्याचा नांगरून गाडायचा. एवढा सुंदर दिसणारा ताग गाडताना आम्हा पोरांना वाईट वाटायचं. नांगरामागं बगळे चालत असायचे, अगदी नांगऱ्याच्या टाचेला टाच लावून, वर येणारी गांडुळं टिपत. त्यांना काही वाईट वाटत नसे.

हे सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. पाट्या बायकांच्या डोक्यावरून जायच्या, ओलं खत मानेवरून पाठीत उतरायचं. उकिरड्यावरच्या माशा सरळ सैपाकघरात यायच्या. पुण्याच्या बाजूला उसाला सोनखत घालत, ते आमच्याकडं कौतुकानं सांगितलं जाई. ते सोनं कोणत्या माणसांनी कुठून उपसलं, हे त्या कौतुकात कधीच येत नसे.

शिवाय एक गोष्ट आम्ही सोयीनं विसरतो. जी पिढी मातीला एवढं निगुतीनं खाऊ घालत होती, तिनंच तिला बुडवली.

आमचं गाव नीरेच्या डाव्या कालव्यावरचं. कालवा 1885च्या सुमाराचा, दुष्काळी मुलखाला मिळालेलं वरदान, आणि आमच्याकडं तसाच तो पूजला गेला. बारामतीचा गूळ त्यानंच पिकवला. पाण्याची पाळी आली की रात्री दोनला उठून दारं धरायची. आणि पाळी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून जरुरीच्या दुप्पट पाजायचं. रान भरून वाहिलं तरी 'पिऊ दे' म्हणायचं, पाहुण्याला आग्रह करावा तसं. ते पाणी खाली मुरत राहिलं, खालची पातळी वर चढत आली. मग जमिनीच्या पोटातलं खारं पाणी वातीतून तेल चढावं तसं वर यायचं, ऊन लागलं की पाणी उडून जायचं आणि मीठ मागं राहायचं. ओढ्याकडच्या आमच्या पट्टीत एका सकाळी कुणी पिठी सांडल्यासारखं दिसलं. आप्पा वाकले, बोट ओलं केलं, मातीला लावून जिभेवर ठेवलं, थुंकले आणि काही न बोलता घरी आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत एवढं आत्याला आठवतं.

दोन-चार वर्षांत ती पट्टी चोपण झाली. चोपण म्हणजे काय ते पाहिल्याशिवाय कळत नाही. सोडियमनं चिकणमातीच्या कणांची एकमेकांची गाठ सुटते, ते पाण्यात पसरतात आणि सगळी भोकं बुजवून टाकतात. वर तळं साचलेलं आणि चार बोटं खाली कोरडं ठणठणीत. नांगर घातला तर विटा निघायच्या.

आणि हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर 1910 सालीच एक पुस्तिका लिहिली होती. कालव्याला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. नदीपलीकडं पाडेगावला 1932मध्ये उसाचं संशोधन केंद्र निघालं, आमच्या गच्चीवरून दिसावं इतक्या जवळ. पण 1910ची ती पुस्तिका इंग्रजीत होती आणि आप्पा मोडी वाचत. त्याच्याही आधी जोतीराव फुल्यांनी 1883च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मराठीतच सांगितलं होतं की डोंगरातला पालापाचोळा, कुजलेले जीवजंतू पावसानं वाहत शेतात येतात तेच खत. सरकारनं पलटणीतल्या शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत. पलटण काही आली नाही. बांधबंदिस्तीला सरकारी कायदा आला 1942 साली, आणि आमच्या आजोळच्या जिराईत गावात बांध खऱ्या अर्थानं पडले ते 1972च्या दुष्काळात, सुकडी खाऊन माती उचलणाऱ्या बायांच्या हातून. मामी अजून बांधावरून जाताना 'ह्यो माझा' म्हणते.

आमच्या पट्टीला चर काढा म्हणून शेतकीचा माणूस सांगून गेला होता. आप्पा म्हणाले, चरात दोन गुंठे जातील. चुलते म्हणाले, चर काढायचा तर तुमच्या बाजूनं. त्यात सगळी पट्टी गेली.

मग पोती आली. आधी अमोनिया, मग सुफला, मग युरिया. उकिरड्याच्या पंधरा गाड्यांचं काम एक पोतं करतं म्हटल्यावर कोण पाट्या उचलणार? आठ दिवसांत ऊस काळाभोर व्हायचा. आमच्या पिढीनं ते डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे आम्ही युरियाला नुसत्या शिव्या देऊ शकत नाही. आणि त्या पोत्यांवर आमचं बालपण गेलं. धुतलेल्या पोत्याची बाजाराची पिशवी, पोती उसवून शिवलेला न्हाणीचा पडदा, आतल्या प्लास्टिकची पावसाळी खोळ. शाळेच्या वाटेवर पाठीला उलटा 'युरिया' घेऊन जाणारी पोरांची रांग कुणाला आठवत नाही? पोतंसुद्धा आम्ही वाया घालवलं नाही. वाया गेली ती आतली वस्तू, मुठीनं फेकून पाटाच्या पाण्यात वाहवलेली. 2010मध्ये बाकीच्या खतांचं अनुदान अन्नघटकांवर बेतलं, युरिया तेवढा बाजूला ठेवला. तो स्वस्त राहिला आणि स्वस्ताईची सवय जात नाही. 2018मध्ये पन्नास किलोचं पोतं पंचेचाळीसचं झालं. माणूस पोत्यावर मोजतो, किलोवर नाही, म्हणजे तेवढं तरी कमी पडेल असा त्यातला हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. धाकट्या काकांनी मात्र अर्धं पोतं वाढवून टाकलं.

दूरदर्शनवर 'आमची माती, आमची माणसं' लागायचं तेव्हा गल्लीतल्या एकुलत्या एका टीव्हीपुढं आम्ही बसायचो, खरं तर त्यानंतरच्या कार्यक्रमासाठी. पण कानावर पडायचंच : माती तपासा, ताग गाडा, पाचट जाळू नका. आप्पा मागून म्हणायचे, "ताग गाडा म्हणं! आम्ही काय शेपू गाडत हुतो?" आम्ही ज्या गोष्टी बंद केल्या त्याच हा टायवाला आम्हाला नव्यानं शिकवतोय, याचं त्यांना मोठं नवल वाटे.

2015मध्ये मृदा आरोग्य पत्रिका आली. पहिला नमुना काढला धाकट्या काकांनी. उन्हातान्हात रानात कोण जाणार, म्हणून गोठ्याच्या मागची, जुन्या उकिरड्याच्या जागेची दोन खोरी माती पिशवीत भरून पाठवली. पत्रिकेत सेंद्रिय कर्ब भरपूर! त्यांनी ती दिवाणखान्यात, स्वतःच्या लग्नाच्या फोटोशेजारी लावली. एवढ्या वर्षांनी त्यांच्या वह्या कामी आल्या म्हणायचं.

गेल्या वैशाखात माझ्या पुतण्यानं नमुना नीट काढला, ओढ्याकडच्या पट्टीचा. तिथं आता सच्छिद्र पाइप गाडलेत, दोनदा जिप्सम झालाय, आणि चोपणातही तग धरते म्हणून उसाच्या 265 वाणाची लावण आहे. पाचट सरीत तसंच ठेवलंय. नागमोडी चालत त्यानं आठ ठिकाणी इंग्रजी व्हीसारखे वीतभर खोल खड्डे घेतले. बांध सोडून, झाड सोडून, खताची जागा सोडून. प्रत्येक खड्ड्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती खुरप्यानं खरवडून घमेल्यात घेतली, सावलीत पसरली. काडीकचरा वेचला, ढेकळं फोडली, ढिगाचे चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेल्याचे पुन्हा चार. अर्धा किलो राहीपर्यंत. सून चिठ्ठी लिहीत होती : गट नंबर, मागील पीक, पुढील पीक. बारा गोष्टी तपासून येणार : सामू, क्षारता, कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, मग जस्त-लोह-तांबं-मँगनीज-बोरॉन. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आला तर कमी समजायचा, असं पुतण्या सांगत होता. शेजारच्या रानातली वरची माती याच वर्षी वीटभट्टीला गेली. ट्रॉलीमागं पैसे रोख मिळाले. त्या शेजाऱ्याला कर्बाची चिंता उरली नाही.

माहेरपणाला आलेली आत्या ओसरीवर बसून हे सगळं बघत होती. वय नव्वदीकडं झुकलेलं, दिसतं बेताचं. तिनं हात पुढं केला. पुतण्याला वाटलं पाणी हवंय.

"त्ये न्हाई रं. ती माती दे जरा."

चिमूटभर तळहातावर घेतली, बोटानं चुरली, बोट ओलं केलं आणि जिभेवर ठेवलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. सुनेचा पेन चिठ्ठीवर थांबला.

"हाय अजून," आत्या म्हणाली. "पर आप्पांच्या वक्ताइतकी न्हाई."

तिनं तोंड पुसलं. पुतण्यानं पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलं आणि मोटरसायकलला अडकवली.