टीकाकाराचा रस्सा

जेवणाच्या बाबतीत मी जुना टीकाकार आहे. महाविद्यालयात तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकविल्यामुळे दुसऱ्याच्या निर्मितीतले उणे हुडकण्याची खोड माझ्या अंगी मुरली आहे. आणि कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला ही खोड पुरवून घेण्यास रविवारचा तांबडा रस्सा आयताच सापडतो. ‘आज तवंग बेताचाच आहे’, ‘खोबरे अंमळ जास्त भाजले गेले’ असले अभिप्राय मी पाटावरून सढळ हाताने देत आलो. मात्र रस्सा करतात कसा, हे गेल्या महिन्यापर्यंत मला ठाऊक नव्हते.

गेल्या महिन्यात पत्नी दहा दिवस तापाने अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण तोंडाला चव येईना. ‘थोडे अळणी पाणी मिळाले असते तर बरे वाटले असते’, असे ती भिंतीकडे पाहत म्हणाली. तिने मागितले नाही. ती नुसती म्हणाली.

मी बोकडाचे एक किलो मटण आणले आणि वही घेऊन तिच्या उशाशी बसलो. ‘मीठ किती?’ ‘अंदाजाने.’ ‘शिजवायचे किती वेळ?’ ‘शिजेपर्यंत, अहो!’ विद्यार्थ्यांकडून नेमक्या व्याख्या मागण्यात ज्याचा जन्म गेला, त्याची वही कोरीच राहिली.

हळद, मीठ आणि आले-लसणाचे वाटण लावून मटण पातेल्यात परतले. वर पाण्याने भरलेले ताट झाकले आणि ते पाणी तापले की तेच आत ओतीत गेलो. तासाभराने जो सुवास सुटला, त्याने मीच चकित झालो. हे पाणी म्हणजेच अळणी. नाव अळणी असले तरी मीठ त्यात असते. नसते ते तिखट. माझा एक जुना विद्यार्थी नायजेरियात लागोसला असतो. तिकडे बोकडाच्या मटणाचे झणझणीत पातळ सूप बाळंतिणीला आवर्जून पाजतात, असे त्याने एकदा सांगितले होते. मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत ती सोळाव्या शतकात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यास लागली, तशीच गोव्यासही लागली. तिकडे अशक्त माणसाच्या वाटीत ती जाऊन बसली. आम्ही मात्र आजाऱ्यापुरती तिला बाजूला ठेवतो. पण पातेल्यापाशी ताटकळणारे माणूस दोन्हीकडे सारखेच असणार.

अळणी साधले आणि माझा अहंकार चढला. त्याच पाण्याचे दोन भाग करून मी दोन्ही रश्श्यांना हात घातला. तांबडा निभावला, कारण त्यातला कांदा-लसूण मसाला पत्नीने उन्हाळ्यातच कुटून ठेवला होता. रंगासाठी ब्याडगी मिरची, तिखटासाठी संकेश्वरी, हा हिशेब तिचा. मी फक्त चमचा बुडविला. पांढऱ्यापाशी मात्र माझे पितळ उघडे पडले. खसखस, तीळ आणि काजू यांचे वाटण घातले, वेलदोडा-लवंग टाकली, आणि नारळाचे दूध ओतून मोठ्या आचेवर खळखळून उकळी आणली. रस्सा फुटला. पाणी एकीकडे, चोथा एकीकडे!

तिने अळणी वाटीभर घेतले. मग माझ्या मनाविरुद्ध तो फुटका पांढरा रस्साही मागून घेतला आणि दोन घोट घेऊन म्हणाली, ‘चांगला झालाय हो.’

शब्द साधे होते. तसे शब्द मी तिला यापूर्वी कधी बोललो होतो, ते आठवू लागलो, आठवेना. पुढच्याला एक शब्द देण्यास तिला दोन घोट पुरले होते. तीस वर्षांच्या रविवारांत मला तेवढे साधले नव्हते.

पंधरवड्याने ती पुन्हा शेगडीपाशी उभी राहिली. रस्सा नेहमीसारखाच उत्तम होता. मी पहिलाच भुरका घेऊन म्हणालो, ‘छान झालाय.’

तिने चमकून माझ्याकडे पाहिले आणि हातातली पळी खाली ठेवीत विचारले, ‘का हो, मीठ कमी पडले का?’